परिस्थितीत बदल झाला असल्यास कळवावे

सोमवार, ८ जून १९९२. सकाळी ७.१०
निराधार योजनेचा दर सालचा फॉर्म काल कोतवालाने आणून दिला. दिला म्हणजे ओसरीत फेकला. एकूण पाच रकाने. नाव, गाव, अपंगत्व (डावा पाय, पोलिओ, जळगावच्या सिव्हिलचा दाखला जोडलेला), हयात आहे काय, आणि पाचवा: ‘मागील वर्षात परिस्थितीत बदल झाला असल्यास कळवावे.’ त्यापुढे अर्धी ओळ जागा. फॉर्ममध्ये शुद्धलेखनाच्या तीन चुका. लाल शाईने दुरुस्त केल्या.

समोरच्या घरातले सुपडू आबा यांनाही हेच अनुदान मिळते (उजवा हात मळणीयंत्रात गेला). त्यांनी पाचव्या रकान्यात कोतवालाकडूनच ‘नाही’ लिहून घेतले आणि मोकळे झाले. वर मला सांगतात, तू बी तेच लिख. सरकारले आपली याद करी देवानी नही, पोऱ्या.

अडाणी माणूस. म्हणून आहे तिथेच आहे.

ठरविले: माझ्या परिस्थितीतला प्रत्येक बदल तारीखवार कळवायचा. परिस्थिती खालावली तर अनुदान वाढायला हवे, हे साधे तर्कशास्त्र आहे. आजवर कोणी केले नाही, कारण या गावात नववी पास आणि अक्षर चांगले असा अपंग मी एकटाच.

बुधवार, १० जून
पार्श्वभूमी लिहून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

ज्याला कोणाचा आधार नाही आणि जो वेगळा राहतो, त्यालाच हे अनुदान. म्हणून आठ वर्षांपूर्वी, आई वारली त्या साली, मोतीभाऊने माझे रेशनकार्ड वेगळे काढून दिले. कागदोपत्री मी विभक्त. झोपतो भाऊच्या ओसरीत, जेवतो भाऊच्या घरात. कार्डासाठी भाऊने केळीची कामे सोडून तालुक्याला सात हेलपाटे घातले. सख्ख्या भावाला घरातून कमी करण्याची माणसाला किती घाई असावी.

माझे वय तेव्हा एकोणीस. आज सत्तावीस. विसरलेलो नाही.

शुक्रवार, १२ जून
नोंदी सुरू. सकाळी भाकरी दोन. पैकी एक कडेला करपलेली. भाऊच्या ताटातली तपासली, तीही करपलेली होती, पण कमी.

प्रमिला वहिनी शिंदखेड्याकडची. तिकडे भाकरी जाड करतात आणि बोलतातही तसेच.

शनिवार, १३ जून
वरण पातळ. गेल्या वर्षी याच सुमारास घट्ट होते. हा बदल आहे.

मंगळवार, १६ जून. दुपारी १.२०
भाकरीवर तूप नाही. मागितले. वहिनी म्हणाली, म्हैस आटनी, तूप काय मी आंगमाईन काढू?

म्हैस आटली हे खरे आहे, गोठ्यात जाऊन खात्री केली. पण भाऊच्या भाकरीवर काहीतरी चमकत होते. तेल असू शकेल. तरी नोंद केली. उत्तर देण्याची पद्धतही वेगळ्या मुद्द्यात घेतली.

शनिवार, २० जून
संकल्प: १ जुलैपासून यांच्या घरचे बंद. स्वतः रांधून खायचे. पाहुण्यासारखे ताट वाढून घेणे आता पटत नाही.

गुरुवार, २५ जून
अर्ज तयार. सात पाने, एकतीस मुद्दे, कार्बन कॉपीसह. एकेक मुद्दा दोनदा वाचून तारखा ताडून पाहिल्या. एकही खाडाखोड नाही. मुद्दा चार तुपाचा. मुद्दा नऊ वहिनीच्या बोलण्याचा. मुद्दा सतरा असा: ‘दि. १९ रोजी रात्रीच्या जेवणात भावाच्या मुलांना गूळ दिला, मला विचारले, परंतु उशिरा विचारले.’ हा मला स्वतःला फार आवडला.

फॉर्मच्या पाचव्या रकान्यात ‘सोबत जोडल्याप्रमाणे’ असे लिहून रजिस्टर एडीने पाठविला. पोस्टमन मगन पाकीट हातावर तोलून म्हणाला, सोयरीक जमाडी राह्यना का काय? पावती मागून घेतली. मगन पोस्टमनचे एकूण वागणेही पोस्ट खात्याला कळविण्यासारखे आहे. पुढच्या महिन्यात बघू.

बुधवार, १ जुलै
आज स्वयंपाक सुरू करायचा होता. पण भांडी नाहीत, आणि एक तारखेपेक्षा महिन्याच्या मधेच सुरू केलेले टिकते असे म्हणतात. जेवलो. भेंडी. चिकट.

शुक्रवार, ३ जुलै
एडीची पोच आली. शिक्का स्पष्ट. सही कोणाची ते अजिबात वाचता येत नाही, म्हणजे मोठा अधिकारी असणार.

शनिवार, ११ जुलै
मगन आला. सुपडू आबांची मनीऑर्डर आली. माझी नाही.

मी शांत होतो. मगनला समजावून सांगितले की माझी रक्कम वाढणार असल्याने ती वेगळ्या फाईलवर गेली असणार, तेवढा वेळ लागतोच. तो म्हणाला, अभिमनभाऊ, पंधरा वरीस मी हाई गावमा मनीऑर्डरी वाटस. कमी व्हयेल देखी, बंद व्हयेल देखी. वाढेल एक बी नही देखी.

पंधरा वर्षे एकच काम करणाऱ्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती.

बुधवार, २२ जुलै. सायंकाळी ६
तलाठी चुडामण आप्पा यांनी भाऊला चावडीवर बोलावून सांगितले की माझ्या अर्जावर चौकशी लागली आहे. मी वेगळा राहतो की भाऊच्यात, हे त्यांनी घरी येऊन पाहायचे आणि पंचनामा करायचा.

चौकशी लागली म्हणजे अर्ज वाचला गेला. तो वाचला जाईल याची मला खात्री होतीच.

भाऊ घरी येऊन म्हणाला, तू काय लिखं? मी कार्बन कॉपी दिली. त्याची चौथी झालेली. ओळीवर बोट ठेवून वाचतो. पाऊण तास लागला. वहिनी दाराला टेकून ऐकत होती. मुद्दा नऊ तिने पुन्हा वाचायला लावला. एकतिसावा संपल्यावर भाऊने कागद नीट घडी करून मला परत दिले आणि म्हणाला, इतलं बठ्ठं ध्यानमा ठेवस तू?

त्याने पहिल्यांदाच माझे कौतुक केले.

वहिनी आत गेली. आज चूल पेटली नाही. मुद्दा बत्तीस.

शनिवार, २५ जुलै
घडू नये ते घडले. भाऊने सकाळी उठून परसात, गोठ्याला लागून असलेल्या पडवीत, माझ्यासाठी चूल मांडली. स्वतः माती कालवली. वहिनीने पडवी झाडली, तवा, परात, एक पातेले आणि मिठाची बरणी आणून ठेवली. पातेले तिच्या माहेरचे, नाव घातलेले. नको असलेला माणूस निघाला की लोक भांडीसुद्धा देतात.

भाऊ म्हणाला, तलाठी आप्पा येतीन तधळ आठे बस. विचारं तर सांग, मी आठेच रांधस, आठेच खास. बाकी काही बोलू नको. समजनं का?

समजले. आठ वर्षांनी मला घराबाहेर काढले. तेही चौकशीच्या तोंडावर. माझ्या अर्जाने यांचे पितळ उघडे पडणार म्हणून घाबरले आहेत.

दुपारी २.३०
पुरवणी अर्ज लिहिला. दीड पान. मुख्य वाक्य: ‘आजवर मी भावाच्याच चुलीवरचे दोन्ही वेळ जेवत होतो, परंतु दि. २५ जुलै रोजी त्यांनी मला घराबाहेर वेगळी चूल मांडून दिली असून हा माझ्या परिस्थितीतील अत्यंत मोठा बदल आहे.’

पोस्टात जाताना सुपडू आबांनी अडवले. पाकिटात काय ते विचारले. वाचून दाखविले. त्यांनी उरलेला हात कपाळाला लावला आणि घरात गेले. हेवा माणसाला बोलूही देत नाही.

रविवार, २ ऑगस्ट
स्वतः रांधून पाहिले. कपाशीच्या पऱ्हाट्या ओल्या. धूर सगळा तोंडावर. भात खाली करपला, वर कच्चा. चूल वाऱ्याच्या दिशेने तोंड करून मांडली आहे, यात हेतू स्पष्ट दिसतो. भात म्हशीला दिला. तिने हुंगला.

नंतर राख काढून उकिरड्यावर टाकली, चूल स्वच्छ सारवली, भांडी घासून पालथी घातली. घाण मला चालत नाही.

आत जेवलो. आता पोळा झाल्यावर नव्याने सुरू करीन.

शनिवार, ८ ऑगस्ट. दुपारी ४
आजचा दिवस सविस्तर लिहिला पाहिजे.

उद्या कानबाईचा सण. आमच्याकडे आदल्या दिवशी नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ सुपात टाकायची, त्याचेच दळण, त्याचेच रोट. भाऊबंदकीबाहेरच्या माणसाने तो रोट खायचा नाही, सोयऱ्याधायऱ्यानेसुद्धा नाही. वेगळा निघाला तो आपले गहू आपल्या घरी मोजतो. माणूस कोणत्या घरचा, याला आमच्यात याहून मोठा दाखला नाही.

सकाळी नऊच्या सुमारास तलाठी आप्पा दोन पंचांना घेऊन आले. ओसरीत खाटेवर बसले. चहा दिला. मला पडवीत बसायला सांगितलेले होते, पण मी आत डोकावलो, कारण वहिनी सूप घेऊन बसली होती. भाऊची सव्वा मूठ. झुलालची. नथ्थूची. (हे दोघे पुतणे, एक बारा वर्षांचा, एक सात.) मग तिने हात झटकला आणि डब्याचे झाकण लावले.

मी थांबलो. वाटले, विसरली असेल. म्हणालो, माझी राहिली. तिने ओसरीकडे पाहिले आणि डोळे मोठे केले. भाऊ म्हणाला, तू वेगळा शे. जाय तठे पडवीमा.

सात वर्षांच्या नथ्थूची मूठ आहे आणि माझी नाही.

मग मी बोललो. ओसरीत येऊन, सर्वांसमक्ष, न अडखळता. मी याच घरचा पुरुष आहे. आई गेल्यापासून आठ वर्षे याच चुलीचे खातो. याच रोटाचे खातो, एकही साल चुकलेले नाही. मग माझ्या नावाची मूठ कोणत्या कायद्याने गेली?

वहिनी सूप धरून तशीच. भाऊने डोळे मिटले.

तलाठी आप्पा म्हणाले, अभिमनराव, मी आपला चहा पी राह्यनू. चहा पेता पेता माले ऐकू येस नही. चहा सरस तवलोंग तुम्ही इचार करी ल्या.

कामचुकारपणाची हद्द झाली. मी त्यांना सांगितले की चहा ठेवा आणि हे जसेच्या तसे पंचनाम्यात घ्या, अन्याय झाला आहे. एक पंच खाली मान घालून हसत होता. आप्पांनी भाऊकडे पाहिले. मग पेन काढले. पडवीत जाऊन चूल पाहिली. विचारले, राख कोठे शे? मी सांगितले की मी स्वच्छ माणूस आहे, आणि चूल एकदाच वापरली आहे. त्यांनी तेही लिहिले. दोन बाबी सुटल्या होत्या, त्यांची मी आठवण करून दिली.

ते गेल्यावर वहिनीने डब्याचे झाकण काढले आणि माझी मूठ टाकली. सव्वा नाही, चांगल्या दोन ओंजळी. गहू सुपाबाहेर सांडले. तोंडाने म्हणत होती, ले, ले तुनी मूठ, ले.

विजय.

रविवार, ९ ऑगस्ट
रोट, खीर, गंगाफळाची भाजी. पोटभर. आज नोंद करण्यासारखे काही आढळले नाही. उद्या पाहू.

शुक्रवार, २१ ऑगस्ट
याही महिन्यात मनीऑर्डर नाही. त्याऐवजी नोटीस आली: शुक्रवार दि. २८ रोजी सकाळी अकरा वाजता तहसील कचेरीत नायब साहेबांसमोर सुनावणी, भावासह हजर राहावे. शेवटी म्हटले आहे की समाधान न झाल्यास अनुदान कायमचे बंद करण्यात येईल. हे बहुधा सर्वांनाच छापील पाठवितात.

ठरविले: साहेबांसमोर ताठ बोलायचे. रोज आरशासमोर पंधरा मिनिटे सराव.

मंगळवार, २५ ऑगस्ट
सराव उद्यापासून. आरसा वहिनीच्या खोलीत आहे आणि मी तिच्याशी बोलत नाही.

शुक्रवार, २८ ऑगस्ट. रात्री ८
शेतात केळीची गाडी भरायला आली असताना ती चुलत्यांवर सोडून भाऊ आला. धुतलेला सदरा, टोपी. एस.टी.त म्हणाला, तू एक शबद बोलू नको. मी बोलस.

म्हणजे माझ्या सुनावणीत हा बोलणार.

नायब साहेब बाहेरच्या जिल्ह्यातले, पण बोलायला चांगले. माझी फाईल समोर. दोन्ही अर्ज वर. विचारले, अक्षर तुमचंच? म्हटले, हो साहेब. म्हणाले, सुंदर आहे, आमच्या क्लार्कनी शिकावं. क्लार्क माझ्याकडे रागाने बघायला लागला. मला फार बरे वाटले.

मग त्यांनी मुद्दा चार मोठ्याने वाचला. मुद्दा नऊ. मुद्दा सतराला क्लार्कला खोकला आला. साहेब म्हणाले, म्हणजे भाऊ तुम्हाला दोन्ही वेळ जेवायला घालतात. मी म्हणालो, घालतात, पण कसे, ते पुढे सविस्तर दिले आहे.

तेवढ्यात भाऊ उठला. टोपी हातात. म्हणाला, साहेब, हाऊ मना भाऊ खोटारडा शे. धाकलपणपाईन खोटारडा. मी याले आठ वरीसमा भाकरना एक टुकडा दिधा नही. मी असा हलकट माणूस शे. याना अर्जमा जे लिखेल शे, ते बठ्ठं यानी मनथून लिखं.

साहेबांनी भाऊकडे पाहिले. मग पेनाला टोपण लावून खाली ठेवले. मला म्हणाले, हे बघा. भाऊ म्हणतात, तुम्ही रागाच्या भरात खोटं लिहिलंय. तसं असेल तर तेवढं सांगा. हे दोन्ही अर्ज मी बाजूला काढतो, पंचनाम्याचं माझं मी बघतो, आणि तुमचे पैसे पुढच्या महिन्यापासून सुरू. नीट विचार करा. हे खोटं लिहिलंय ना?

क्लार्कसुद्धा माझ्याकडे पाहून हळूच मान हलवत होता.

एकतीस मुद्दे. प्रत्येक तारीख दोनदा ताडलेली. म्हैस आटल्याची मी गोठ्यात जाऊन खात्री केली होती. आणि भर कचेरीत मला खोटारडा म्हणतात.

मी म्हणालो, साहेब, यात एक शब्द खोटा असेल तर जी शिक्षा होईल ती भोगीन. भाऊ खोटे बोलत आहेत. भाऊनेच मला आठ वर्षे दोन्ही वेळ जेवू घातले आहे. आजारी होतो तेव्हा तीन वेळ. वाटल्यास तारखा देतो.

साहेब म्हणाले, नको. टोपण काढले.

भाऊ खुर्चीवर बसला. टोपी घालायची राहिली.

एस.टी. स्टँडवर त्याने एक प्लेट भजी घेतली आणि माझ्याकडे सरकवली. स्वतः खाल्ली नाहीत. गाडी लागली. मग एवढेच म्हणाला, माले खोटं बोलता येस नही. आख्खा जनममा आज एकदाव बोलनू, ते बी तू टिकू दिधं नही.

आपली चूक कबूल केली, हेही काही कमी नाही.

गुरुवार, १० सप्टेंबर
आदेश आला. ‘अर्जदार हा भावाच्या कुटुंबात एकत्र राहत असून त्यास भावाचा पूर्ण आधार असल्याचे त्याच्या स्वतःच्या लेखी अर्जांवरून सिद्ध होते. सबब अनुदान बंद.’ व्याकरण निर्दोष.

अपील करायचे. जिल्ह्याला. पाने पंचवीस तरी होतील. सोमवारी बसतो.

वहिनीला आदेश वाचून दाखविला. ती म्हणाली, जेवी ले.

सोमवार, १४ सप्टेंबर
अपील सुरू केले नाही. कागद संपलेत. ते माझ्याच मनीऑर्डरमधून यायचे. भाऊला मागायचे म्हणजे बोलावे लागेल.

तो सकाळी जाताना सांगून गेला, उद्यापाईन केळीना काटावर बैस, वजनं लिखी ठेव. मी म्हणालो, विचार करतो. तो म्हणाला, इचारसाठे नही सांगं.

दुपारी १२.४०
मगनने हाक मारली. अभिमनभाऊ, लवकर या, पेन लई या. मी सदरा घातला, पेन घेतले, चप्पल शोधत बसलो नाही. ओसरीची पायरी उतरताना पाय लचकला.

मनीऑर्डर सुपडू आबांची. डाव्या हाताचा अंगठा घेतला होता, पण त्याला लिहिता येणारा साक्षीदार लागतो. आज दुसरे कोणी गल्लीत नव्हते. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, कर रे भो, तुनं अक्षर चांगलं शे.

सही केली. खाली पत्ता लिहायचा होता. स्पष्ट अक्षरात लिहिला: मोतीलाल दगडू पाटील यांचे घरी.